एका केंद्रामागे तीन लाख शेतकरी

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात शेतीची वहिती खाती सुमारे १ कोटी ५३ लाख आहेत. सरासरी खाते १.३४ हेक्टरचे, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकरांचे. या शेतकऱ्यांपर्यंत विद्यापीठातले संशोधन पोचवण्यासाठी राज्यात ५० कृषी विज्ञान केंद्रे आहेत. साधा भागाकार केला तर एका केंद्राच्या वाट्याला ३ लाख ६ हजार खातेदार येतात. केंद्राची मंजूर पदे १६. त्यांत एक प्रमुख आणि सहा विषय विशेषज्ञ. बाकीचे कार्यक्रम सहायक, प्रक्षेत्र व्यवस्थापक, लिपिक, वाहनचालक असे. शेतकऱ्याला पिकाचा सल्ला देणारी माणसे मुख्यतः ती सहा. म्हणजे एका विशेषज्ञामागे ५१ हजार खातेदार.

राष्ट्रीय श्रम अर्थशास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने २०१५ मध्ये देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांचा अभ्यास केला. एक केंद्र वर्षाला सरासरी ४३ गावांत आणि ४,३०० शेतकऱ्यांपर्यंत पोचते, असे त्यात आढळले. ही सरासरी महाराष्ट्राला लावून पाहू. प्रत्येक वर्षी नवे ४,३०० शेतकरी धरले, एकाही शेतकऱ्याकडे दुसऱ्यांदा जायचे नाही असे ठरवले, तरी सगळ्यांना एकदा भेटायला ७१ वर्षे लागतील.

हा आकडा केंद्रांना नापास करण्यासाठी मांडलेला नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर जाणे हे कृषी विज्ञान केंद्राचे काम कधीच नव्हते. विद्यापीठात तयार झालेले वाण किंवा तंत्र त्या जिल्ह्याच्या मातीत चालते का ते तपासायचे, निवडक शेतांवर त्याची प्रात्यक्षिके घ्यायची आणि कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांना, गावातल्या जाणत्या शेतकऱ्यांना शिकवायचे, एवढे त्याचे काम. पुढची साखळी दुसऱ्यांनी ओढायची. ७१ वर्षांचा हिशेब एवढेच सांगतो की ही साखळी धड नसेल, तर केंद्र कितीही चांगले असले तरी त्याचा उजेड चाळीस-पन्नास गावांपलीकडे जाणार नाही. त्याच अभ्यासात एक आशादायक आकडाही आहे. केंद्राने सांगितलेले तंत्र सुमारे ४० टक्के शेतकऱ्यांनी लगेच वापरले आणि आणखी २५ टक्क्यांनी पुढच्या कृषी वर्षापासून. म्हणजे ज्यांच्यापर्यंत माहिती पोचते, त्यांतले जवळपास दोन तृतीयांश ती वापरून बघतात. शेतकरी नवे काही करायला तयार नसतो, हा शहरात सहज कानावर येणारा समज या आकड्यापुढे टिकत नाही.

खाती तिप्पट झाली

शेतीचे शास्त्र शेतकऱ्याच्या दारी गेले पाहिजे, ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतपिकांची प्रदर्शने भरवावीत, चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, त्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्यावे, असे उपाय सुचवले होते. अमेरिकेत विद्यापीठ आणि शेतकरी यांना जोडणारा स्मिथ-लिव्हर कायदा १९१४ चा, म्हणजे त्यानंतर तीन दशकांनी आलेला. या कायद्याने प्रत्येक काउंटीत विद्यापीठाचा माणूस बसवण्याची व्यवस्था केली. आपल्याकडे त्याच धर्तीवरचे पहिले कृषी विद्यापीठ १९६० साली पंतनगरला उभे राहिले. महाराष्ट्रात १९६८ पासूनच्या चार वर्षांत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार विद्यापीठे झाली. विदर्भात कृषी विद्यापीठासाठी १९६७ मध्ये आंदोलन झाले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली. विद्यापीठ आपल्या भागात असावे यासाठी लोकांनी जीव दिला, हे त्या विद्यापीठाच्या आवारात शिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

१९७० नंतरच्या महाराष्ट्राचे चित्र आजच्यापेक्षा फार वेगळे होते. १९७०-७१ च्या गणनेत राज्यात वहिती खाती होती सुमारे साडेएकोणपन्नास लाख आणि सरासरी खाते ४.२८ हेक्टरचे. म्हणजे विद्यापीठे स्थापन झाली तेव्हा ज्यांना सल्ला द्यायचा, त्यांची संख्या आजच्या एक तृतीयांश होती आणि प्रत्येकाकडे आजच्या तिपटीहून अधिक जमीन होती. साडेदहा एकरांच्या शेतकऱ्याने अर्धा एकर नव्या वाणाला दिला आणि तो फसला, तर त्याचे वर्ष बुडत नसे. सव्वातीन एकरवाल्याचे तसे नाही. त्याला शिफारस हवी असते ती खात्रीची, त्याच्या जमिनीची आणि त्याच्या खिशाला झेपणारी. सल्ल्याची गरज वाढली, सल्ला मागणारे तिप्पट झाले आणि चुकीच्या सल्ल्याची किंमतही वाढली. सल्ला देणारी यंत्रणा मात्र या गतीने वाढली नाही.

देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र मार्च १९७४ मध्ये पुदुच्चेरीला तमिळनाडू कृषी विद्यापीठाने सुरू केले. आज देशात ७३१ केंद्रे आहेत. महाराष्ट्रातली बरीच केंद्रे स्वयंसेवी आणि शिक्षण संस्थांकडे आहेत आणि हे आपले वेगळेपण आहे. कोसबाड, बारामती, बाभळेश्वर, नारायणगाव, पाल, खरपुडी या केंद्रांना आपापल्या भागात स्वतःची ओळख आहे.  

अमेरिकेच्या २०२२ च्या कृषी गणनेत शेतांची संख्या सुमारे १९ लाख होती आणि काउंट्या तीन हजारांच्या वर. एका काउंटीमागे साधारण ६०० शेते. आपल्याकडे एका केंद्रामागे तीन लाख. ज्या नमुन्यावरून आपण घर बांधले, त्यात राहणारे पाचशेपट झाले आहेत. म्हणून तिकडची रीत इकडे जशीच्या तशी चालणार नाही. ती चालत नाही यात आपल्या शास्त्रज्ञांचा दोष नाही.

शेतकरी विचारतो कोणाला?

राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने २००३ मध्ये देशभरातल्या शेतकरी कुटुंबांना हाच प्रश्न विचारला. ४० टक्के कुटुंबांनी सांगितले की आधुनिक तंत्राची माहिती त्यांना कुठून तरी मिळते. उरलेल्या ६० टक्क्यांना कुठूनच नाही. ज्यांना मिळते त्यांचे स्रोत पाहिले की सगळी व्यवस्था डोळ्यांपुढे येते. दुसऱ्या प्रगतिशील शेतकऱ्याकडून माहिती घेणारी कुटुंबे १६.७ टक्के. खते-बियाणे विकणाऱ्या दुकानदाराकडून १३.१ टक्के, रेडिओवरून १३ टक्के, दूरचित्रवाणीवरून ९.३ टक्के. सरकारच्या विस्तार कर्मचाऱ्याकडून ५.७ टक्के आणि कृषी विज्ञान केंद्राकडून ०.७ टक्के.

त्या वेळी केंद्रे आजच्यापेक्षा बरीच कमी होती, हे लक्षात घ्यायला हवे. पण दहा वर्षांनी, २०१३ च्या पाहणीत कुठलाच तांत्रिक सल्ला न मिळालेली कुटुंबे ५९ टक्के निघाली. ६० चे ५९. मधल्या दशकात मोबाइल आले, किसान कॉल सेंटर सुरू झाले, कृषी विस्ताराची ‘आत्मा’ योजना जिल्ह्याजिल्ह्यांत गेली, शेकडो नवी केंद्रे उभी राहिली. तरी एकूण आकडा एका टक्क्याने हलला.

माहितीच्या स्रोतांच्या त्या यादीतला पहिला क्रमांक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शेतकरी शेतकऱ्याला विचारतो. शेजारच्या शिवारात डोळ्यांनी दिसलेल्या पिकावर त्याचा विश्वास बसतो, कारण तीच माती, तोच पाऊस, तीच विहीर. केंद्राचे आद्यरेषा प्रात्यक्षिक याच विश्वासावर उभे आहे. साधारण एक एकरावर शिफारस केलेले वाण आणि तंत्र, शेजारी त्याच शेतकऱ्याचे नेहमीच्या पद्धतीचे पीक, आणि काढणीच्या वेळी दोन्हींचे वजन सगळ्यांसमोर. ही पद्धत बिनतोड आहे. प्रश्न असा आहे की ते प्रात्यक्षिक कोणाच्या शेतावर होते. रस्त्यालगत, बागायती, गाडी पोचेल अशा शेतावर झाले, तर आतल्या वाडीवरच्या कोरडवाहूवाल्याला त्यातून काय मिळणार? त्याची माती वेगळी, पाणी वेगळे. आपल्यासारख्या शेतकऱ्याने करून दाखवले, असे त्याला म्हणता येत नाही.

दुसरा क्रमांक दुकानदाराचा. त्याच्याकडे पाहण्याची सवय बदलायला हवी. पेरणीच्या हंगामात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दिवसभर जी गर्दी असते, तितकी माणसे कुठल्याच मेळाव्याला येत नाहीत. पानावरचा डाग दाखवून ‘काय मारू?’ हा प्रश्न तिथेच विचारला जातो. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ मध्ये या विक्रेत्यांसाठी ‘देसी’ ही वर्षभराची पदविका सुरू केली. ४८ आठवडे, आठवड्यातून एक दिवस, तोही बाजार बंद असण्याचा. दुकानदाराच्या हातात औषधाबरोबर शास्त्र असावे, हा त्यामागचा विचार योग्य आहे. पण जो विकतो त्यानेच ‘आज काही फवारू नका’ म्हणावे, अशी अपेक्षा फक्त शिक्षणावर टिकत नाही. त्याच्या शेजारी विकण्यात गुंतलेला नसलेला एक आवाज हवा. विद्यापीठाचे खरे मोल तिथे आहे.

गोणपाटातले शंभर दाणे

विस्ताराचे, म्हणजे शास्त्र शेतापर्यंत नेण्याच्या कामाचे, मोल पैशांत मोजता येत नाही, असे म्हणतात. एका ठिकाणी तरी ते मोजून बघू.

राज्यात सोयाबीनचे क्षेत्र अलीकडे ५० लाख हेक्टरांच्या आसपास गेले आहे. शिफारस आहे हेक्टरी ७५ किलो बियाण्याची, म्हणजे एकरी ३० किलो. ही शिफारस ७० टक्के उगवणीचा हिशेब धरून आहे. म्हणजे दर हंगामाला सुमारे साडेसदतीस लाख क्विंटल बियाणे जमिनीत जाते. त्यातला मोठा भाग शेतकऱ्याच्या घरचा. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण नाजूक असते. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती उंचावरून आपटली, काढणीच्या वेळी पावसाने भिजले, की दाणा वरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. दुबार पेरणी करावी लागली. प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला.

त्यावरचा उपाय घरात होतो. पोत्यातून सरसकट शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे. काही दिवसांनी मोड मोजायचे. सत्तर आले तर एकरी ३० किलो पेरायचे. एकोणसत्तर आले तर साडेतीस, अडुसष्ट आले तर एकतीस. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवत न्यायचे. फारच कमी आले तर ते बियाणे तेलाला किंवा बाजाराला, शेतात नाही. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढायची नाही. यात खर्च गोणपाटाचा आणि शंभर दाण्यांचा. अनुदान लागत नाही, अर्ज लागत नाही. २०२१ च्या हंगामापूर्वी कृषी खात्याने आणि केंद्रांनी या चाचणीची मोठी मोहीम घेतली आणि गावोगावच्या ओसरीवर गोणपाटे दिसू लागली.

त्याच्या जोडीला रुंद वरंबा सरीची पद्धत घ्या. वरंब्यावर पेरणी, बाजूला सरी. पाऊस कमी झाला तर सरीत ओल टिकते, जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते. बियाणेही कमी लागते. हेक्टरी फक्त २० टक्के बचत धरू, म्हणजे १५ किलो. सगळे क्षेत्र धरायचे नाही. एक चतुर्थांश, साडेबारा लाख हेक्टर. तेवढ्यावर वाचणारे बियाणे १ लाख ८७ हजार क्विंटल. २०२५-२६ च्या हमीभावाने, क्विंटलला ५,३२८ रुपये, त्याची किंमत जवळपास १०० कोटी रुपये होते. हा भाव धान्याचा आहे, बियाण्याचा त्याहून चढा असतो. उत्पादनातली वाढ यात धरलेलीच नाही. एका पिकातली एक सवय, क्षेत्राच्या चौथ्या हिश्श्यात बदलली, तर एका हंगामात १०० कोटी. विस्तारावरचा खर्च हा खर्च नसून पेरणी आहे, हे पटवायला याहून मोठा आकडा लागू नये.

सल्ला न पोचल्याची किंमत

बीटी कापूस देशात २००२ मध्ये आला. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी बियाण्याचे छोटे पाकीट मिळत असे. ते शेताच्या कडेने लावायचे होते. तिथे वाढलेल्या बोंडअळ्यांमध्ये बीटीला दाद न देण्याची ताकद येत नाही. त्यांच्या पतंगांचा बीटी शेतातल्या पतंगांशी संकर झाला की प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. हे शास्त्र शेतकऱ्याला कोणी नीट सांगितले? बहुतेक शेतांत ती १२० ग्रॅमची पुडी पेरलीच गेली नाही. दीड-दोन हेक्टरवाल्याला कडेच्या ओळी म्हणजे हातचे गेलेले उत्पन्न वाटले, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्यात गैर काही नव्हते. कारण त्याला फायदा दिसत नव्हता आणि नुकसान दहा वर्षांनी व्हायचे होते. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातला कापूस पोखरला गेला.

त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कापूस डोक्याएवढा वाढलेला, अनेक औषधे एकत्र मिसळलेली, हातात मोजे नाहीत, तोंडाला फडके, वाऱ्याच्या उलट दिशेने चालणारी माणसे. कोणते औषध कशात मिसळायचे नाही, किती वाजता फवारायचे, कपडे कोणते घालायचे, हे विद्यापीठांच्या पुस्तिकांत छापलेले होते. फवारणारा मात्र बहुधा मजूर होता. मेळाव्याचे निमंत्रण, कृषी दैनंदिनी, मोबाइलवरचा संदेश हे सगळे जमिनीच्या मालकापर्यंत जाते. पाठीवर पंप घेणारा माणूस विस्ताराच्या एकाही यादीत नव्हता. त्या मृत्यूंची अनेक कारणे सांगितली गेली. माझ्या मते हे कारण सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत कमी बोलले गेलेले आहे.

याउलट २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीचा उद्रेक झाला, त्यातून राज्य शिकले. पुढच्याच वर्षी ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांत दर आठवड्याला जाऊन किडी मोजायच्या, आकडे संगणकावर भरायचे, विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ते पाहायचे आणि नुकसानीची पातळी ओलांडली जाणार असेल तिथेच सल्ला पाठवायचा. या कामाची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. विद्यापीठ, कृषी खाते आणि गावचा निरीक्षक एका धाग्यात आले की काय होते, ते यात दिसते.

हवामान सल्ल्याच्या बाबतीत असा धागा आपण तोडला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी कृषी हवामान पत्रिका जिल्ह्याच्या पातळीवर तयार व्हावी म्हणून देशभरात १९९ कृषी विज्ञान केंद्रांत हवामान कक्ष उघडले होते. २०२४ च्या सुरुवातीला ते बंद करण्यात आले. पाऊस मंडलागणिक बदलतो आहे, त्या काळात जिल्ह्याचा हवामान सल्लागार काढून घेणे हा चुकीचा निर्णय होता.

बाई कुठे आहे?

२०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी ७६.९ टक्के शेतीत आहेत. पुरुषांत हे प्रमाण ४९.४ टक्के. कृषी गणनेत मात्र वहितीधारक म्हणून बायकांचा वाटा २०१५-१६ मध्ये १४ टक्क्यांच्या आतच होता. शेतात तिचे हात आणि सातबाऱ्यावर त्याचे नाव. विस्ताराची सगळी पत्रे सातबाऱ्यावरच्या नावाने जातात.

खुरपणी, कापूस वेचणी, बियाणे निवडणे, साठवण, जनावरांचा दाणापाणी ही कामे ती करते. पानाच्या मागची अळी पहिल्यांदा तिला दिसते, कारण ती वाकून काम करते. तरी कीड नियंत्रणाच्या प्रशिक्षणात खुर्च्यांवर पुरुष आणि महिलांसाठीच्या कार्यक्रमात बहुतेक वेळा पापड-लोणचे. प्रक्रिया उद्योगाला कमी लेखायचे नाही. त्यातून अनेक बचत गट उभे राहिले आहेत. पण बियाण्याची उगवण चाचणी, बीजप्रक्रिया, कामगंध सापळ्यातले पतंग मोजणे ही कामे बचत गटांच्या बैठकीत शिकवली, तर त्यांचा उपयोग त्याच आठवड्यात शेतात होईल. बैठकीची वेळही तिला सोयीची हवी. दुपारी बाराला ती शेतात असते.

काय मोजायचे?

२९ मे ते १२ जून २०२५ या पंधरा दिवसांत देशभर ‘विकसित कृषी संकल्प अभियान’ झाले. शास्त्रज्ञ आणि अधिकाऱ्यांची २,१७० पथके गावोगाव गेली आणि सव्वा कोटीहून अधिक शेतकऱ्यांशी संवाद साधला, असे सरकारने जाहीर केले. एका पथकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे ४०० शेतकरी. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून निघून उन्हात बांधावर उभे राहिले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण दिवसाला ४०० माणसांशी एका पथकाचे बोलणे हे भाषणच होते. शेतकऱ्याला आपले पान दाखवायला, माती परीक्षणाचा कागद पुढे करायला त्यात सवड मिळत नाही.

विस्ताराच्या अहवालांत मेळावे किती, प्रशिक्षणे किती, लाभार्थी किती, घडीपत्रिका किती वाटल्या, असे रकाने असतात. दुसऱ्या वर्षी त्यातल्या किती शेतांवर काय बदलले, हा रकाना हवा. तो भरायला कष्ट पडतात, कारण पुन्हा त्याच शेतावर जावे लागते. पण पुन्हा जाण्यातच विस्तार आहे. जालन्याजवळच्या खरपुडीच्या केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरते. तारीख ठरलेली, विषय हंगामाचा. मागच्या महिन्यात सांगितलेले फसले तर शेतकरी पुढच्या ५ तारखेला उठून विचारू शकतो. ही साधी शिस्त मला कुठल्याही ॲपपेक्षा मोठी वाटते.

कृषी पदवीच्या सातव्या सत्रात विद्यार्थी गावात राहायला येतात. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गाव त्यांना ओळखते. माती परीक्षण, बीजप्रक्रिया, चारा प्रक्रिया यांची प्रात्यक्षिके होतात, फोटो निघतात, अहवाल जमा होतो आणि हंगाम संपला की मुले परततात. पुढच्या वर्षी नवी मुले नव्या गावात. दरवर्षी हजारो तरुण हात, आणि त्यांच्या कामाची स्मृती कुठेच नाही. कॉलेजने सलग पाच वर्षे तीच गावे घ्यावीत. पहिल्या तुकडीने घरटी नोंदवही करावी, पुढच्या तुकडीने तीच पुढे चालवावी. याला निधी लागत नाही. विद्यापीठाचा एक आदेश लागतो.

निधी लागतो तो माणसांना. चारही विद्यापीठांत मंजूर पदांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे रिकामा आहे. ५१ हजारांमागे एक विशेषज्ञ हा हिशेब सहाही खुर्च्या भरलेल्या धरून केला आहे; दोन रिकाम्या राहिल्या तर तो ७६ हजारांवर जातो. एकाच माणसाने अध्यापन, संशोधन, मेळावा आणि अहवाल हे सगळे पाहायचे असेल, तर सगळ्यांत आधी बांधावरची फेरी रद्द होते. ‘भगवा’ डाळिंब, ‘फुले २६५’ ऊस, दापोलीचा ‘रत्ना’ आंबा, परभणीचे सोयाबीन वाण ज्या संस्थांनी दिले, त्यांच्या क्षमतेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्यांना माणसे द्या, मग जाब विचारा, हा क्रम असायला हवा.

प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राची एक वैज्ञानिक सल्लागार समिती असते. वर्षभरात काय केले आणि पुढे काय करायचे, हे तिच्या बैठकीत ठरते आणि तिच्यावर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. आपल्या जिल्ह्याच्या समितीवर कोण आहे, ते केंद्रात जाऊन विचारा. मागच्या वर्षाची प्रात्यक्षिके कोणत्या गावांत झाली, त्यांची यादी मागा. तुमचा तालुका, तुमच्यासारखी कोरडवाहू जमीन, तुमच्या गावच्या बचत गटातली एखादी बाई त्यात नसेल, तर पुढच्या बैठकीपूर्वी ग्रामसभेचा ठराव घेऊन तशी लेखी मागणी करा.